श्रेयनामावलीतून गाळलेले नाव

‘मॅकेनाज गोल्ड’ला १९६९ मध्ये अमेरिकी प्रेक्षकांनी फारशी दाद दिली नाही. भारतात मात्र या चित्रपटाने वर्षानुवर्षे गर्दी खेचली. ग्रेगरी पेक आणि ओमर शरीफ आपल्याकडील एका पिढीच्या ओठांवर होते. त्याची पटकथा लिहिणारे आणि निर्मितीची धुरा वाहणारे कार्ल फोरमन मात्र कुणाच्या फारसे स्मरणात राहिले नाहीत. या माणसाच्या आयुष्याची ओढाताण नावावरूनच झाली, हे पाहता त्यात एक विचित्र योगायोग आहे.

फोरमन यांचा जन्म २३ जुलै १९१४ रोजी शिकागोतील ज्यू कुटुंबात झाला. हॉलिवूडमधील त्यांची सुरुवात किरकोळ चित्रपटांच्या लेखनाने झाली. युद्धकाळ लष्करात गेला. त्यानंतर स्टॅन्ली क्रेमर यांच्या छोट्या स्वतंत्र निर्मितिसंस्थेत त्यांना सूर गवसला. ‘चॅम्पियन’, वर्णद्वेषाला हात घालणारा ‘होम ऑफ द ब्रेव्ह’ आणि मार्लन ब्रँडो यांना प्रथम पडद्यावर आणणारा ‘द मेन’ हे चित्रपट १९४९-५० या दोन वर्षांतले.

मग आला ‘हाय नून’. सूड घेण्यासाठी दुपारच्या गाडीने येणाऱ्या गुंडाला तोंड देण्यास निघालेला मार्शल आणि एकेक करून पाठ फिरवणारे गावकरी, अशी ही कथा. तिचे चित्रण सुरू असतानाच, सप्टेंबर १९५१ मध्ये, फोरमन यांना अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या ‘अन-अमेरिकन ॲक्टिव्हिटीज’ समितीपुढे उभे राहावे लागले. एकेकाळी ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. आता नाही, एवढे त्यांनी सांगितले. मात्र जुन्या सहकाऱ्यांची नावे देण्यास नकार दिला. क्रेमर यांनी भागीदारी मोडली. सहनिर्माते म्हणून असलेले त्यांचे नाव चित्रपटावरून उतरले, पटकथाकार म्हणून तेवढे उरले. पडद्यावरचे गाव आणि प्रत्यक्षातले हॉलिवूड यांत फरक उरला नव्हता. राजकीयदृष्ट्या विरुद्ध टोकाचे असूनही नायक गॅरी कूपर यांनी त्यांची बाजू घेतली, हे आवर्जून नोंदवायला हवे.

चित्रपटाने चार ऑस्कर पटकावली, तेव्हा फोरमन इंग्लंडला निघून गेलेले होते. काळ्या यादीमुळे हॉलिवूडची दारे बंद झाली, पासपोर्टही काढून घेण्यात आला. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचे सुरुवातीचे खर्डे त्यांनी लिहिले, पुढचे काम मायकेल विल्सन यांनी केले. तेही काळ्या यादीतलेच. श्रेय दिले गेले ते मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिएर बूल यांना. पटकथेचे ऑस्करही त्यांनाच मिळाले. त्यांनी ही पटकथा लिहिलीच नव्हती. याला विनोद म्हणावे की लाजिरवाणा प्रकार, हे ज्याने त्याने ठरवावे.

पुढे दिवस पालटले. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ (१९६१) फोरमन यांनी स्वतःच्या नावाने लिहिला आणि निर्माण केला. ‘यंग विन्स्टन’ (१९७२) हाही त्यांचाच. ‘क्वाय’चा हिशेब मात्र २७ वर्षे थकला. अकादमीने त्या पटकथेचे श्रेय फोरमन आणि विल्सन यांना दिले ते १९८४ मध्ये. विल्सन १९७८ मध्येच वारले होते. फोरमन यांचे निधन २६ जून १९८४ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे झाले. दोघांचीही ऑस्कर मरणोत्तर ठरली. ‘क्वाय’च्या नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतींवर आता दोघांची नावे दिसतात.