लिओ झिलार्ड आणि न पोहोचलेला अर्ज

ऑगस्ट महिना आला की हिरोशिमा व नागासाकी या दोन शहरांची आठवण जगभर होते. ६ व ९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने तेथे अणुबाँब टाकले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे दोन लाख माणसे प्राणास मुकली. या बाँबच्या जन्माशी, आणि तो लोकांवर पडू नये म्हणून झालेल्या धडपडीशीही, एकाच यहुदी शास्त्रज्ञाचे नाव जोडलेले आहे. त्यांची थोडी ओळख आपल्या वाचकांना करून देत आहोत.

लिओ झिलार्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९८ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. हंगेरीत यहुद्यांचा छळ वाढला तेव्हा ते शिक्षणासाठी बर्लिनला गेले. तेथे आइन्स्टाइन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. पुढचे दिवस ओळखून ते दोन बॅगा भरून तयारच ठेवीत. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच त्यांनी व्हिएन्नाची गाडी पकडली. ती जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्याच दिवशी तीच गाडी खच्चून भरली आणि सरहद्दीवर नाझींनी ती अडविली. एका दिवसाने ते बचावले.

त्याच वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्यांना एक कल्पना सुचली. एका न्यूट्रॉनने अणू फुटून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, तर ते पुढचे अणू फोडतील आणि ही साखळी वाढतच जाईल. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले, आणि ते गुप्त राहावे म्हणून ब्रिटिश आरमाराच्या स्वाधीन केले.

१९३८ साली ते अमेरिकेत आले. जर्मनी हा बाँब आधी बनवील या धास्तीने १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी आइन्स्टाइन यांची गाठ घेतली. अध्यक्ष रूझवेल्ट यांना गेलेल्या प्रसिद्ध पत्रामागे झिलार्डच होते. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मी यांच्यासह त्यांनी ती साखळी प्रत्यक्ष चालू झालेली पाहिली.

मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेला. ज्या भीतीपोटी काम आरंभले ती भीतीच उरली नाही. मग झिलार्ड यांनी अध्यक्ष ट्रुमन यांच्या नावे अर्ज लिहिला. शरणागतीच्या अटी जपानला उघड सांगाव्यात, आणि त्या जाणूनही त्याने नकार दिल्याखेरीज हे अस्त्र वापरू नये, अशी त्यात विनंती होती. १७ जुलैच्या त्या अर्जावर ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. तो लष्करी अधिकाऱ्यांच्या हातात अडकला आणि ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

पण झिलार्ड खचले नाहीत. अणुशक्ती लष्कराच्या ताब्यात जाऊ नये म्हणून ते वॉशिंग्टनमध्ये झटले. पदार्थविज्ञान सोडून ते जीवशास्त्राकडे वळले. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये ते रशियाचे क्रुश्चेव्ह यांना भेटले व दोन्ही राजधान्यांत थेट दूरध्वनी असावा असे त्यांनी सुचविले. १९६३ साली तशी थेट संदेशवाहिनी सुरूही झाली. १९६२ मध्ये शस्त्रकपातीसाठी त्यांनी एक संस्था स्थापली. ३० मे १९६४ रोजी कॅलिफोर्नियातील ला होया येथे ते निवर्तले.

जगात आजही सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत. आपणही बॅगा भरून परमुलखात आलेली माणसे आहोत. आसरा देणाऱ्या देशाशी झिलार्ड एकनिष्ठ राहिले, आणि त्याचे चुकते आहे असे वाटले तेव्हा त्यांनी ते सही करून सांगितले. अर्ज पोहोचला नाही, म्हणून तो लिहिणे व्यर्थ ठरत नाही. ही गोष्ट आपल्या मुलाबाळांना अवश्य सांगावी.