एरिक लिडेल

एरिक हेन्री लिडेल (१६ जानेवारी, १९०२ – २१ फेब्रुवारी, १९४५) हे स्कॉटिश धावपटू, रग्बी खेळाडू आणि ख्रिस्ती मिशनरी होते. पॅरिस येथील १९२४ च्या उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी ४०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. १०० मीटर ही त्यांची हुकमी शर्यत होती. परंतु तिची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने त्यांनी तीत भाग घेण्यास नकार दिला. या निर्णयामुळे ते विशेष प्रसिद्ध झाले.

प्रारंभिक जीवन

लिडेल यांचा जन्म चीनमधील त्यांजिन शहरात झाला. त्यांचे आईवडील लंडन मिशनरी सोसायटीच्या सेवेत होते. मिशनऱ्यांच्या मुलांसाठी लंडनजवळ असलेल्या वसतिशाळेत शिकल्यानंतर त्यांनी एडिनबरा विद्यापीठातून १९२४ मध्ये विज्ञानाची पदवी घेतली. १९२२ आणि १९२३ या वर्षांत ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाकडून सात सामने खेळले. जुलै १९२३ मध्ये त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकून ब्रिटिश विक्रम केला. त्याच महिन्यात ४४० यार्डांच्या एका शर्यतीत ते सुरुवातीलाच धक्का लागून पडले. तरीही उठून धावत त्यांनी ती शर्यत जिंकली.

पॅरिस ऑलिंपिक

दहा आज्ञांपैकी शब्बाथ पाळण्याची आज्ञा रविवारी, म्हणजे प्रभूच्या दिवशी, पाळावी अशी स्कॉटलंडमधील प्रोटेस्टंट मंडळ्यांची परंपरा होती. लिडेल याच परंपरेत वाढले होते. स्पर्धेचे वेळापत्रक काही महिने आधीच जाहीर झाले. तेव्हा १०० मीटरबरोबरच दोन्ही रिले शर्यतींपासूनही दूर राहण्याचे त्यांनी ठरवले. देशाचे पदक हातचे घालवल्याची टीका त्यांच्यावर झाली; परंतु त्यांनी निर्णय बदलला नाही. इतरांनी रविवारी धावू नये असा आग्रहही त्यांनी धरला नाही. उरलेल्या काळात त्यांनी ४०० मीटरचा सराव केला.

६ जुलै, १९२४ रोजी १०० मीटरची प्राथमिक फेरी सुरू असताना लिडेल पॅरिसमधील स्कॉटिश चर्चमध्ये उपासनेला उपस्थित होते. पुढे ती शर्यत त्यांचे सहकारी हॅरोल्ड एब्राहम्स यांनी जिंकली. लिडेल यांना २०० मीटरमध्ये कांस्यपदक मिळाले. ११ जुलै रोजी ४०० मीटरच्या अंतिम फेरीत त्यांना सर्वांत बाहेरची मार्गिका मिळाली होती, त्यामुळे प्रतिस्पर्धी त्यांच्या दृष्टीस पडत नव्हते. त्यांनी प्रारंभापासूनच पूर्ण वेगाने धावून ४७.६ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमासह ही शर्यत जिंकली.

चीनमधील कार्य

कीर्तीच्या शिखरावर असतानाच १९२५ मध्ये लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेले. त्यांजिन येथील अँग्लो-चायनीज कॉलेजमध्ये ते विज्ञान व क्रीडा हे विषय शिकवत. १९३२ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. १९३४ मध्ये त्यांचा विवाह कॅनेडियन मिशनरी दांपत्याची कन्या फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी झाला. १९३७ पासून ते शाओचांग या ग्रामीण भागात काम करू लागले. जपानी आक्रमणामुळे हा प्रदेश युद्धाच्या छायेत होता. १९४१ मध्ये त्यांनी गरोदर पत्नी व दोन मुलींना सुरक्षिततेसाठी कॅनडाला पाठवले आणि स्वतः चीनमध्येच राहिले. धाकट्या मुलीची व त्यांची भेट कधीच झाली नाही.

नजरकैद आणि मृत्यू

मार्च १९४३ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना शांतोंग प्रांतातील वैशिएन येथील छावणीत ठेवले. तेथे दीड हजारांहून अधिक परदेशी नागरिक स्थानबद्ध होते. लिडेल तेथील मुलांना विज्ञान शिकवत, बायबलचे वर्ग घेत, वृद्धांची कामे करत आणि खेळांचे आयोजन करत. रविवारी मात्र ते खेळ भरवत नसत. एका रविवारी काही मुलांनी आपण होऊन हॉकीचा सामना खेळला. पंच नसल्याने त्याचे पर्यवसान मारामारीत झाले. त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरले. स्वतःच्या गौरवासाठी जो नियम त्यांनी मोडला नव्हता, तो मुलांच्या हितासाठी त्यांनी बाजूला ठेवला. या प्रसंगावरून त्यांची रविवारविषयक निष्ठा केवळ नियमपालनापुरती नव्हती, हे दिसून येते.

छावणी मुक्त होण्यास सुमारे सहा महिने उरले असताना, मेंदूतील गाठीमुळे वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले.

वारसा

लिडेल आणि एब्राहम्स यांच्या जीवनावर आधारित चॅरियट्स ऑफ फायर (१९८१) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. पॅरिसला जाण्यासाठी जहाजावर चढताना लिडेल यांना रविवारच्या फेरीविषयी कळते, असे चित्रपटात दाखवले आहे. तो प्रसंग काल्पनिक आहे. प्रत्यक्षात त्यांचा निर्णय ऐनवेळचा नव्हता. टीका सहन करत त्यांनी तो अनेक महिने निभावला होता. १९९१ मध्ये छावणीच्या जागी, सध्याच्या वैफांग शहरात, एडिनबरा विद्यापीठाच्या वतीने त्यांचे स्मारक उभारण्यात आले. स्कॉटलंडमधील ग्रॅनाइटच्या शिळेतून ते घडवलेले आहे.