श्रीगोविंदप्रभू आणि मातंगांची विहीर

खानदेशात नशिराबादेकडे एखाद्याच्या विहिरीस पाणी लागते व शेजाऱ्याची कोरडी राहते. पहिला म्हणतो, ही ईश्वरकृपा. मग दुसऱ्याच्या दुःखाचे काय? या शंकेचे समाधान श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्रात आहे.

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील काटसुरे येथे काण्वशाखीय ब्राह्मणकुळात त्यांनी अवतार स्वीकारला. अनंतनायक व नेमाइसा ही मातापितरे बालपणीच निवर्तली. आप्तांनी त्यांना ऋद्धिपुरास आणून सांभाळले. श्रीचक्रधरस्वामींनी त्यांच्यापासूनच शक्तिस्वीकार केला. लोक प्रभूंना वेडे म्हणत; आणि संकटात मायबाप म्हणून त्यांचाच धावा करीत.

एकदा मातंगांनी पाण्यावाचून होणारे हाल त्यांस विनविले. सुखदुःख ही जीवाच्या कर्माची फळे असून ती देवता देतात, हे शास्त्र खरे. परंतु प्रभूंनी त्यांचे कर्म विचारले नाही, त्यांची जात पाहिली नाही. त्यांच्यासाठी विहीर करविली.

म्हणून आपल्या विहिरीचे पाणी कृपा मानणाऱ्या वासनिकाने शेजाऱ्याची तहान त्याचे कर्मफळ म्हणून मोकळे होऊ नये. कर्माचा निवाडा त्याच्याकडे नाही. त्याने आपला दोर-पोहरा शेजाऱ्याच्या हाती द्यावा.