पदकांच्या आड राहिलेली जखम

पडद्यावर तो बेधडक बंदूक चालवणारा काउबॉय होता. घरी मात्र उशाखाली भरलेले पिस्तूल असल्याशिवाय त्याचा डोळा लागत नसे. लागलाच, तर स्वप्नात पुन्हा रणांगण उभे राही. त्याचे नाव ऑडी मर्फी. दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक पदके मिळवलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी तो एक. त्याच्या शौर्याची नोंद देशाने ठेवली. पण त्याला नेमके काय होते आहे, हे सांगणारा शब्द तो जिवंत असेपर्यंत वैद्यकशास्त्राकडे नव्हता.

ऑडीचा जन्म १९२५ मध्ये टेक्सास राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या गरीब कुटुंबात झाला. भावंडे बरीच, त्यात वडील घर सोडून गेलेले. पाचवीतच शाळा सुटली आणि पोर कापूस वेचू लागले. घरात मांस शिजावे म्हणून तो सशांची शिकार करी. त्याची नेमबाजी पक्की झाली ती तिथे. १९४१ मध्ये आई गेली. धाकट्या तीन भावंडांना अनाथाश्रमात ठेवावे लागले.

पुढच्याच वर्षी मोठ्या बहिणीने त्याचे वय वाढवून प्रतिज्ञापत्र दिले आणि तो सैन्यात दाखल झाला. त्याआधी मरीन दलाने या किरकोळ अंगाच्या पोराला परत पाठवले होते. पायदळाने घेतले. सिसिली, इटलीतले अँझिओ, मग दक्षिण फ्रान्स, अशी दीड-दोन वर्षे तो सतत आघाडीवर होता. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर जर्मन सैनिकांनी शरणागतीची खूण केली. त्याचा जिवलग मित्र लॅटी टिप्टन त्यावर विश्वास ठेवून उठला आणि ऑडीच्या डोळ्यांदेखत गोळ्या लागून मेला.

२६ जानेवारी १९४५ रोजी होल्ट्झविर गावाजवळ जर्मन रणगाडे आणि पायदळ चालून आले. ऑडीने आपल्या माणसांना मागे धाडले. स्वतः एका पेटलेल्या रणगाडाभेदी गाडीवर चढून तिथल्या मशीनगनने त्याने सुमारे तासभर हल्ला थोपवून धरला. पायाला जखम झाली, तरी तो हटला नाही. या पराक्रमासाठी त्याला मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च पदक मिळाले. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

युद्ध संपले. ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा हसरा चेहरा झळकला. तो पाहून अभिनेता जेम्स कॅग्नीने त्याला हॉलीवूडला बोलावून घेतले. पुढे त्याने चाळीसहून अधिक चित्रपट केले. १९५५ मध्ये त्याच्याच आत्मकथनावर निघालेल्या ‘टू हेल अँड बॅक’मध्ये त्याने स्वतःचीच भूमिका केली. ज्या आठवणी टाळण्यासाठी माणूस जिवाचे रान करतो, त्या त्याला कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. चित्रपट तुफान चालला.

घरातले चित्र वेगळे होते. झोप येत नसे, भयानक स्वप्ने पडत, बारीकशा आवाजानेही तो दचके. राग अचानक उसळे. पहिली पत्नी वांडा हेन्ड्रिक्स हिच्याशी झालेले लग्न दोन वर्षांत मोडले. त्याने एकदा आपल्यावर बंदूक रोखली होती, असे तिने नंतर सांगितले. युद्धात अनाथ झालेली जर्मन मुले वृत्तपटात पाहून त्याचे डोळे भरून येत आणि अपराधी वाटे, हेही तिनेच सांगितले. जुगारात पैसा जाऊ लागला.

त्या काळी सैनिकांच्या अशा त्रासाला ‘युद्धथकवा’ म्हणत. पहिल्या महायुद्धात यालाच ‘शेल शॉक’ म्हटले गेले होते. थकवा म्हटला की विश्रांती घेतली की जातो, असा समज होतो. तो गेला नाही, तर दोष माणसाच्या कमकुवत मनाचा ठरतो. ज्याच्या छातीवर देशातली जवळपास सर्व शौर्यपदके आहेत, त्याला कमकुवत कोण म्हणणार? पण म्हणूनच त्याला त्रास असेल, हेही कुणाला सुचणे अवघड होते.

आज आपण याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी म्हणतो. जिवावरच्या प्रसंगात मेंदूतली धोक्याची घंटा वाजते, ते योग्यच असते. अमिग्डाला हा भाग शरीराला लढायला किंवा पळायला सज्ज करतो. या विकारात धोका टळला तरी घंटा थांबत नाही. जुना प्रसंग आठवण म्हणून मागे न पडता आत्ता घडत असल्यासारखा परत येतो. आघात दीर्घकाळ किंवा वारंवार होत राहिले, विशेषतः बालपणापासून, तर आणखी तीन गोष्टी जोडल्या जाऊ शकतात. भावना आवरणे कठीण होते, स्वतःबद्दल लाज किंवा अपराधभाव घर करतो आणि जवळची नाती टिकवणे जड जाते. याला ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. मृत माणसाचे निदान दुरून करू नये. तरीही ऑडीचे बालपण, युद्ध आणि संसार शेजारी ठेवून पाहिले, तर हे वर्णन अनोळखी वाटत नाही.

झोपेसाठी त्याने प्लॅसिडिल नावाची गोळी घेतली आणि १९६०च्या दशकाच्या मध्यास तो तिच्या आहारी गेला. हे लक्षात आल्यावर एका मोटेलच्या खोलीत स्वतःला आठवडाभर कोंडून घेऊन त्याने ती सोडली. यातली जिद्द खरी, पण हा मार्ग कुणी गिरवू नये. अशा गोळ्या एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात.

त्यानंतर त्याने जे केले, ते होल्ट्झविरइतकेच धाडसाचे होते. सैनिकांच्या मानसिक त्रासाबद्दल बोलणे निषिद्ध असताना तो स्वतःच्या त्रासाबद्दल उघडपणे बोलू लागला. कोरिया आणि व्हिएतनाममधून परतणाऱ्यांवर युद्धाचा काय परिणाम होतो, याचा सरकारने अभ्यास करावा आणि त्यांना उपचार द्यावेत, असा आग्रह त्याने धरला.

२८ मे १९७१ रोजी व्हर्जिनियातील डोंगराळ भागात त्याचे विमान कोसळले. वय अवघे ४५. पीटीएसडी हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आले १९८० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. सॅन अँटोनिओतील माजी सैनिकांच्या रुग्णालयाला आज त्याचे नाव आहे. त्याची दुसरी पत्नी पामेला हिने नंतर लॉस एंजेलिसमधल्या माजी सैनिकांच्या एका रुग्णालयात पस्तीसेक वर्षे नोकरी केली. रांगेत ताटकळणाऱ्या जवानांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी बाई म्हणून ती तिथे ओळखली जाई.

ऑडीला जे मिळाले नाही, ते आज उपलब्ध आहे. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार, डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत आणि गरजेनुसार सर्ट्रालीनसारखी औषधे यांचा अनेकांना चांगला उपयोग होतो. नुसत्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू मूळ दुखणे झाकतात, बरे करत नाहीत. आपल्याकडे ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा मराठीतही बोलते. सैन्यदलांतील व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

सैन्यातून निवृत्त झालेले कुणी आपल्या घरात असतील, रात्र रात्र जागत असतील, उगाच चिडत असतील, माणसांत मिसळायचे टाळत असतील, तर स्वभावच तसा आहे म्हणून सोडून देऊ नका. शेजारी बसा. युद्धाच्या गोष्टी खोदून विचारू नका, झोप लागते का एवढेच विचारा. आणि उत्तर ‘नाही’ आले, तर डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जा.