दमलेल्या स्नायूंचा हिशेब : गर्टी कोरी

फुटबॉल खेळून होस्टेलवर आलं की पाय गळून गेलेले असतात आणि कुणीतरी ग्लुकोजचा डबा उघडतं. ती साखर अंगात नेमकं काय करते, याचा छडा लावण्यात जिचं आयुष्य गेलं, त्या गर्टी कोरीबद्दल मला सांगायचंय.

जन्म १८९६, प्राग. मेडिकलला लागणारं लॅटिन, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री तिला मुलींच्या शाळेत पुरेसं मिळालंच नव्हतं. तिने सगळं भरून काढलं आणि १९१४ मध्ये प्रवेश मिळवला. वर्गमित्र कार्लशी १९२० मध्ये लग्न झालं. १९२२ मध्ये दोघांनी अमेरिका गाठली.

जोरात पळताना स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरतात आणि लॅक्टिक ॲसिड रक्तात सोडतात. यकृत त्याचं पुन्हा ग्लुकोज करून स्नायूंकडे धाडतं. १९२९ मध्ये या दोघांनी मांडलेलं हे चक्र म्हणजेच 'कोरी सायकल'. पण फुकट काही नाही! या फेरीत स्नायूंना दोन एटीपी मिळतात, तर यकृताचे सहा खर्च होतात. थर्मोडायनॅमिक्स इथेही पाठ सोडत नाही. म्हणून दमल्यावर बाहेरून साखर, केळी, भात लागतोच. व्यायाम संपल्यावर पहिल्या दोन तासांत खाल्लं, तर स्नायू ती साखर जास्त वेगाने साठवतात. पूर्ण रिकामी झालेली टाकी भरायला मात्र साधारण एक दिवस जातो.

१९३१ मध्ये सेंट लुईसला कार्ल विभागप्रमुख झाला. काम दोघांचं बरोबरीचं, पण गर्टी नुसती संशोधन सहायक, तीही नाममात्र पगारावर. तरी १९३६ मध्ये दोघांनी ग्लायकोजेन तुटताना तयार होणारा ग्लुकोज-१-फॉस्फेट शोधला आणि १९३९ मध्ये चक्क परीक्षानळीत ग्लायकोजेन बनवून दाखवलं. गर्टीला प्रोफेसरपद मिळालं थेट १९४७ मध्ये. त्याच वर्षी नोबेलही! वैद्यकशास्त्रातलं नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री.

आणि त्याच वर्षी अस्थिमज्जेचा असाध्य आजार निघाला. पुढची दहा वर्षं तिने रक्त घेत घेत काम केलं. १९५२ मध्ये, ग्लायकोजेन साठून यकृत सुजलेल्या मुलांमध्ये एक एन्झाइम कमी असल्याचं तिने दाखवलं. ऑफिसात एक छोटी खाट असायची. थकली की पडायची, उठून पुन्हा कामाला लागायची. १९५७ मध्ये ती गेली.

सबमिशनच्या रात्री आपण जागतो, तेव्हा मला ती खाट आठवते.