झाडाने स्वतः लिहावे म्हणून

अकरावीला मी विज्ञान शाखेत होतो. लंबकाच्या प्रयोगात उत्तर 980 च्या आसपास आले पाहिजे हे आधीच ठाऊक असे. मग आम्ही वहीत निरीक्षणे उलट्या गणिताने भरत असू. गुण चांगले पडले. पुढे मी मराठी घेऊन कलाशाखेत आलो, पण आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र वाचताना ती वही पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली.

बोसांचा जन्म 1858 चा, पूर्व बंगालातला. वडील सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला इंग्रजी नव्हे, तर बंगाली शाळेत घातले. केंब्रिजचे शिक्षण संपवून बोस 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा पगार कमी. बोसांनी तीन वर्षे शिकवले, पण पगाराला हात लावला नाही! अखेर सरकारने मागील बाकीसह पूर्ण पगार दिला.

संशोधनाला जागा मिळाली ती एका लहानशा खोलीत. पत्र्याची कामे करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून बोसांनी उपकरणे घडवली आणि अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरी निर्माण केल्या. या लहरी प्रकाशासारख्या वागतात का? ते तपासायला त्यांनी चक्क रेल्वेचे जाडजूड वेळापत्रक घेतले आणि पानापानांत कथिलाचा वर्ख घातला. पुस्तक एका बाजूने धरले की लहरी आरपार जात, काटकोनात फिरवले की अडत. पीळ दिलेला तागही त्यांनी असाच कामाला लावला.

लहरी टिपणारे उपकरण सततच्या वापराने मंदावते आणि विश्रांतीनंतर सावरते, असे त्यांना दिसले. तिथून ते वनस्पतींकडे वळले. भौतिकशास्त्रज्ञाची ही घुसखोरी शरीरशास्त्रज्ञांना रुचली नाही. 1901 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या निबंधाचे प्रकाशन रोखले.

बोसांनी वाद घालण्यापेक्षा उपकरण सुधारले. लाजाळूच्या पानाचा जोर तो केवढा! काजळी धरलेल्या काचेवर लेखणी घासली तर त्या घर्षणानेच नोंद बिघडायची. म्हणून त्यांनी लेखणी कंप पावती ठेवली. ती ठरावीक क्षणांनी काचेला टेकून ठिपका उमटवी. घर्षण जवळजवळ टळे आणि ठिपके मोजून वेळही कळे. झाड स्वतःच लिहू लागले. माझ्या वहीत लंबकाने एक अक्षर लिहिले नव्हते, सारे मीच लिहिले होते.

या नोंदींवरून बोस जड आणि सजीव यांच्या एकत्वापर्यंत गेले. तिथवर अनेक शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर गेले नाहीत, मीही बिचकतो. पण काचेवरचे ठिपके वेगळे आणि त्यांतून काढलेले तत्त्वज्ञान वेगळे.

1917 मध्ये त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधनसंस्था उभारली. वनस्पतीची वाढ दहा लाख ते एक कोटी पटींनी मोठी करून दाखवणारे त्यांचे यंत्र लंडनला गेले, तेव्हा एका शरीरशास्त्रज्ञाने जाहीर शंका घेतली. बोसांनी एप्रिल 1920 मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सर्वांदेखत यंत्र लावले. पाहणाऱ्या नामवंत शास्त्रज्ञांनी नोंदी खऱ्या असल्याचे सह्यांनिशी वृत्तपत्रात कळवले आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने बोसांना आपले सदस्य करून घेतले.