दानशूर गृहस्थ : सर जमशेटजी जिजीभाई

चित्रकलेची आवड असलेला विद्यार्थी शालान्त परीक्षा होताच मुंबईच्या ‘जे. जे.’चे स्वप्न पाहू लागतो. कोणी दुखणाईत झाला आणि त्याला मुंबईस न्यावयाचे ठरले की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘जे. जे.’ हेच नाव येते. ही दोन अक्षरे आपण नित्य उच्चारतो; परंतु त्यांच्यामागे उभा असलेला पुरुष कोण, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक असेल? आम्हां वडोदेकरांना तर ते ठाऊक असावयासच हवे. कारण त्या पुरुषाचे घराणे मूळचे नवसारीचे, आणि नवसारी हा १९४९ सालापर्यंत वडोदे संस्थानाचाच एक भाग होता. म्हणून सर जमशेटजी जिजीभाई ह्यांचे चरित्र आज आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. घरचा धंदा विणकराचा. वयाची सोळा वर्षे होतात न होतात तोच आईबापांचे छत्र हरपले. पोरका मुलगा मुंबईस मामाच्या आश्रयाला आला. मामा फ्रामजी नसरवानजी रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत. त्यामुळे त्यांना ‘बाटलीवाला’ हे उपनाम पडले होते. शाळेचे शिक्षण जमशेटजींना जवळजवळ लाभलेच नाही. हिशेब, पत्रव्यवहार आणि मोडकीतोडकी इंग्रजी हे सारे त्यांनी दुकानात बसून आत्मसात केले. पुढे १८०३ साली मामांचीच कन्या अवाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी चीनचा प्रवास म्हणजे जिवावरचे साहस. शिडाच्या जहाजाने महिनेच्या महिने समुद्रावर काढावे लागत. असा प्रवास जमशेटजींनी एकदा नव्हे, पाच वेळा केला. १८०५ साली इंग्रज व फ्रेंच ह्यांचे युद्ध चालू असताना त्यांचे ‘ब्रन्सविक’ नावाचे जहाज फ्रेंचांनी पकडले. जवळ होते नव्हते ते सर्व गेले, आणि दूर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होपला, ते निष्कांचन स्थितीत उतरले. तेथून मोठ्या कष्टाने ते मायदेशी परतले. आईबापांवाचूनचे बालपण आणि परक्या किनाऱ्यावरचे ते दारिद्र्य, ह्या दोन गोष्टींचा त्यांना पुढे कधी विसर पडला नाही, असे त्यांचे उर्वरित आयुष्य पाहता आम्हांस वाटते.

मुंबईस स्थिर झाल्यावर त्यांनी जी पेढी उभारली तिचे भागीदार पाहण्यासारखे होते. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरियो द फारिया हे गोव्याचे ख्रिस्ती. चार धर्मांची माणसे एका पेढीवर विश्वासाने नांदत होती. दानाच्या वेळीही जमशेटजींनी हीच दृष्टी ठेवली. १८२२ साली मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरिबांची देणी त्यांनी स्वतः फेडून त्यांची सुटका करविली. मुक्या जनावरांसाठी १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली, तिच्या संस्थापकांतही ते होते.

परंतु ह्या घरातील औदार्य एकट्या यजमानाचे नव्हते. माहीम आणि वांद्रे ह्यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. पावसाळ्यात होड्या उलटत आणि माणसे प्राणांस मुकत. पूल बांधण्याची मागणी झाली, पण कंपनी सरकार खर्चास तयार होईना. तेव्हा अवाबाईंनी आपल्या खाजगी द्रव्यातून १,५७,००० रुपये दिले. अट एकच घातली : त्या वाटेने जाणाऱ्या कोणाकडूनही जकात घेऊ नये. १८४५ साली तो रस्ता खुला झाला आणि आजही त्यावरून अखंड रहदारी चालू आहे. पतीने मिळवावे व पत्नीने सांभाळावे, एवढाच संसाराचा अर्थ मानण्याच्या त्या काळात ह्या दांपत्याने देण्याचे कामही वाटून घेतले होते. पारशी समाजातील गरीब मुलांच्या शिक्षणासाठी १८४९ साली जी संस्था निघाली, तीही पतिपत्नींच्या संयुक्त देणगीतूनच.

मुंबईत गोरगरिबांसाठी मोठे रुग्णालय असावे म्हणून जमशेटजींनी लाखाहून अधिक रुपये दिले व सरकारलाही खर्चाचा वाटा उचलावयास लावले. १८४५ साली ते रुग्णालय सुरू झाले. त्याच्या शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि तेथून एतद्देशीय डॉक्टरांची पहिली पिढी बाहेर पडली. गोमंतकात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड त्यांतलेच. पुण्याच्या लोकांस पाणी मिळावे म्हणून मुळा-मुठेवर जो बंधारा झाला, त्यालाही जमशेटजींचेच द्रव्य लागले. १८५७ साली त्यांच्या एक लाखाच्या देणगीतून कलाशाळा निघाली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके प्रथम ह्याच शाळेत शिकले आणि नंतर आमच्या वडोद्याच्या कलाभवनात आले, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

१८४२ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले. हे दोन्ही मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. १४ एप्रिल १८५९ रोजी ते निवर्तले. तोवर त्यांच्या दानाची रक्कम सुमारे २३ लाख रुपयांवर गेली होती. पदवीबरोबर वडिलांचे नावही धारण करावे असे ठरल्यामुळे थोरले चिरंजीव खरशेटजी हेदेखील पुढे जमशेटजी जिजीभाई ह्याच नावाने ओळखले गेले.

येथवर लिहून थांबणे सोपे होते. परंतु ते प्रामाणिकपणाचे झाले नसते. जमशेटजींची संपत्ती कापसाप्रमाणेच अफूच्या व्यापारातूनही आली होती. माळव्यात पिकणारी अफू मुंबईहून चीनला जाई, आणि तेथे तिने असंख्य कुटुंबांची राखरांगोळी केली. त्या व्यापारापायीच १८३९ ते १८४२ ह्या काळात चीनवर युद्ध लादले गेले. त्या वेळी हा व्यापार कायद्याने मान्य होता आणि अनेक प्रतिष्ठित घराणी तो करीत असत, हे खरे. तथापि ज्या धनाने मुंबईतील रोगी बरे झाले, त्याच धनापायी दूरदेशीची माणसे खंगली, हेही तितकेच खरे आहे.

मग अशा पुरुषाचे स्मरण करावे की करू नये? आम्हांस वाटते, अवश्य करावे. मात्र डोळे उघडे ठेवून करावे. त्याच्या दानाबद्दल कृतज्ञ राहावे, आणि त्याच्या व्यापाराकडून हे शिकावे की द्रव्य कोठे खर्च केले एवढेच नव्हे, तर ते कोठून आले हेही मनुष्याने स्वतःस विचारले पाहिजे. उद्या आमचे विद्यार्थी मिळवते होतील. त्यांनी जमशेटजी-अवाबाईंसारखे मुक्त हस्ताने द्यावे; आणि देण्यापूर्वी मिळविण्याची वाटही निर्मळ राखावी. असे झाले तर नवसारीच्या त्या विणकराच्या पोराचे चरित्र आम्ही वाचले, ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.